दोन खटके

२ जून

प्रिय वहिनी,

फोन केला असता, पण मागच्या वेळी मी घसा सुकेपर्यंत बोलले आणि शेवटी तू "बरं, जेवलीस का?" एवढंच म्हणालीस. तुझ्या प्लास्टिकच्या कारखान्यातल्या भंगार दळायच्या मशीनने तुझे कान पार खाल्ले. दादाला मध्ये घालण्यातही अर्थ नाही. त्याच्याकडे काहीही निरोप द्या, पलीकडे "सगळं ठीक आहे" एवढाच पोचतो. म्हणून आता मेलवर पत्रं. तू सावकाश वाच आणि सावकाश रागाव.

कामाचं सांगते. आमची कंपनी घडीचा वॉकर काढतेय. उघडला की दोन्ही बाजूंच्या दांड्या पक्क्या बसतात आणि म्हातारं माणूस त्याला धरून चालतं. दांड्या बसवणारा तुकडा प्लास्टिकचा आहे, त्याला आम्ही खटका म्हणतो. डावीकडे एक, उजवीकडे एक. प्रत्येकाला पातळ जीभ असते, ती वाकते आणि पिनेवर जाऊन अडकते. बस, एवढंच. पण माणूस सगळा भार वॉकरवर टाकतो तेव्हा तो या दोन जिभांच्या भरवशावर उभा असतो. जीभ मोडली की वॉकर मिटणार आणि माणूस तोंडावर.

ही जीभ कुठल्या प्लास्टिकची करायची ते मला ठरवायचंय. सही माझी. कागदावर सगळी प्लास्टिकं गुणी असतात, त्यांचे दोष घरात आणल्यावर कळतात. म्हणून साचा तुझ्याकडे पाठवते. दोन-तीन प्रकारचे तुकडे काढून बघ. आणि बाबा तुझ्याकडेच आहेत, तर वॉकर त्यांनाच वापरायला दे. त्यांच्याइतका खडूस परीक्षक मला पगार देऊनही मिळणार नाही.

फक्त त्यांना पडू देऊ नकोस. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते ना, पुन्हा पडले तर पुन्हा उभे राहतील असं सांगता येत नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तुझी,
शंकाबाई (नाव तूच ठेवलंस, आता भोग)


२८ जून

शंकाबाईंना,

आधी जेवलीस का ते सांग. मग काम.

साचा नीट पोचला. पहिल्यांदा पॉलिप्रॉपिलीन घातलं. गरीब स्वभावाचं प्लास्टिक, वाकवाल तितकं वाकतं, मोडायचं नाव घेत नाही. वॉकर उघडून त्यावर रेतीची पोती टाकून ठेवली आणि काही दिवसांनी बघितलं, तर जीभ सैल पडलेली. भार पडत राहिला की हे हळूहळू हार मानतं. नापास.

मग पॉलिकार्बोनेट. दिसायला काच आणि हातोडीलाही दाद देत नाही. मी मनातल्या मनात याचीच निवड करून टाकली होती. पण तुझे बाबा! गुडघ्याला ते उग्र वासाचं मलम चोळतात आणि तेच हात वॉकरला, खटक्याला, दाराला, सगळ्यांना पुसतात. जिभेच्या मुळाशी केसासारख्या चिरा आल्या. हातोडीला जे जमलं नाही ते मलमाने करून दाखवलं. मी त्यांना म्हटलं, "बाबा, हात पुसून वॉकर धरत जा." तर म्हणाले, "म्हणजे आता तुझ्या प्लास्टिकची सेवा मी करू?" त्यांचं बरोबर आहे. म्हातारी माणसं मलम लावणारच.

शेवटी नायलॉन. याचे दाणे हवेतलं पाणी पितात, म्हणून आधी ओव्हनमध्ये सुकवावे लागतात, नाहीतर तुकड्यावर चंदेरी ओरखडे येतात. सुकवले, तुकडे काढले, पुढचं नेहमीचं सगळं केलं आणि वॉकरला बसवले. काय सांगू तुला! छान वाकतं, लगेच परत येतं, मलमाला भीक घालत नाही. बाबा दिवसभर वॉकर उघडतात आणि मिटतात, मुद्दाम. तुझा दादा म्हणतो, उघडला की टक् टक् असे दोन मऊसर आवाज येतात, एकामागून एक. मला कुठले ऐकू यायला! मी खटक्यावर बोट ठेवते, तिथे दोनदा टोचल्यासारखं लागतं.

बाबांचा अभिप्राय: "सूनबाई, तुझा खटका माझ्या दातांपेक्षा पक्का आहे." हे तुझ्या रिपोर्टात घाल.

वहिनी


२० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

नायलॉन ठरलं. आज सही केली. सही करताना मी कागद इतक्या वेळा उलटसुलट केले की साहेबांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" तुझे सगळे निकाल मी जसेच्या तसे मांडले, दातांचा अभिप्राय सोडून. साचा आता आमच्या कारखान्यात येईल आणि पुढचा माल इथेच निघेल.

एक शंका आहेच. (नसती तर तुला चुकल्यासारखं वाटलं असतं.) तू ॲसिटल का करून बघितलं नाहीस? अशा जिभांना ते बरं असतं म्हणतात, पाणीही पीत नाही. मीटिंगमध्ये एकाने विचारलं तेव्हा मी "बघितलंय, नायलॉन सरस आहे" असं ठोकून दिलं आणि खाली बसले. तेव्हापासून तो माणूस दिसला की मी वाट बदलते.

दुसरं, बाबांना हिवाळ्याला माझ्याकडे पाठव. तुमच्याकडे नवीन मशीन बसतंय, त्या धबडग्यात त्यांच्याकडे कोण बघणार? इथे त्यांचा खुबाही एकदा दाखवून घेते. मी दिवसभर कामावर असेन, पण घर लहान आहे, सगळं हाताशी आहे.

तुझी शंकाबाई


१२ ऑक्टोबर

अगं बये,

बघितलं नाही तर "बघितलंय" कशाला म्हणालीस? माझं खरं कारण ऐक. ॲसिटल मशीनच्या पोटात जास्त तापलं की असा धूर सोडतं की डोळे जातात की राहतात असं होतं. एकदा मशीन मध्येच अडकलं, माल आत भाजत राहिला आणि आम्ही सगळे रडत रस्त्यावर उभे. शेजारच्यांना वाटलं, घरात काही बरंवाईट झालं. तेव्हापासून ते माझ्या दारात येत नाही. मला भित्री म्हण. पण नायलॉन खरंच उत्तम निघालं, बाबांनी इतके महिने वापरलं, अजून नव्यासारखं आहे. वाट बदलणं सोड.

बाबा उद्या निघतील. बरोबर तोच वॉकर आणि तेच खटके. मलमाच्या ट्यूबा बॅगेच्या डाव्या कप्प्यात. ते विचारल्याशिवाय काही मागणार नाहीत, आणि विचारल्यावर "मला काही नको" म्हणतील. त्याचा अर्थ चहा.

निघताना माझ्यासमोर वॉकर उघडला आणि माझं बोट धरून खटक्यावर ठेवलं. घर रिकामं वाटणार आहे गं.

वहिनी


१० जानेवारी

प्रिय वहिनी,

बरेच दिवस लिहिलं नाही. रागावू नकोस. पहिला माल महिनाअखेरीस बाहेर पडतोय आणि मी तारखेवर टांगलेली आहे.

इथे थंडी इतकी आहे की बाबा खिडकीला हात लावून बघतात आणि "ही काच आहे की बर्फ?" म्हणतात. घरात हीटर दिवसरात्र चालू. त्याने हवा अशी कोरडी होते की ओठ फुटतात, स्वेटर काढला की चटचट ठिणग्या उडतात आणि कपाटाची दारं आक्रसून आपोआप उघडतात. बाबा मजेत आहेत. हल्ली जरा घुम्यासारखे असतात, पण थंडीमुळे असेल. मी घरी येते तेव्हा बहुतेक खुर्चीतच असतात, ब्लँकेट गुडघ्यावर आणि वॉकर शेजारी.

तुझ्या खटक्यांचं मात्र मानलं. इथे येऊन ते जास्तच ऐटीत आलेत. दादाने सांगितलेला मऊ आवाज गेला, आता चांगला खणखणीत टण् असा वाजतो. एकच. पूर्वी दोन वाजायचे ना? आता दोन्ही एकदम बसतात बहुतेक, इतके मुरलेत. मी स्वयंपाकघरात असले तरी कळतं, बाबा उठले. बरं वाटतं. मालाची काळजी वाटायला लागली की मी तो आवाज आठवते.

तुझी शंकाबाई


११ जानेवारी

हे पत्र वाचशील तशी ऊठ.

बाबांकडून वॉकर काढून घे. आत्ता. कारण मी नंतर लिहीन, मला आधी खात्री करून घ्यायची आहे. एकच आवाज का येतो? दोन खटके एकदम कधीच बसत नाहीत, साच्यात एक जीभ मुद्दाम किंचित लांब आहे. आणि टण् का?

माझे कान शाबूत होते तेव्हा मी तुकडा फरशीवर टाकून बघायचे. पाणी प्यालेलं नायलॉन मऊ वाजतं. कोरडं पडलेलं टणटणतं.

तुझ्या दादाला आताच बाबांना फोन लावायला लावला. बाबांनी उचलला. म्हणाले, सगळं छान आहे. मी दादाच्या तोंडाकडे बघत समोर बसले होते. त्यानेही तेच म्हटलं, सगळं छान आहे. माझा एकावरही विश्वास बसलेला नाही.

वहिनी


१३ जानेवारी

उत्तर का देत नाहीस?

परवाच मी बाबांच्या वेळचे उरलेले खटके दाणे सुकवायच्या ओव्हनमध्ये टाकले, तुझ्या हीटरसारखे कोरडे व्हावेत म्हणून. आज काढले, गार होऊ दिले, जीभ बोटाने दाबली. काडीसारखी मोडली. दुसरी दाबली. तीही. मी सगळ्या मोडल्या. तुझा दादा "पुरे, पुरे" म्हणत होता, मला दिसत होतं, पण हात थांबेनात. हे बाबांच्या हाताखाली आहे.

आता नीट वाच. आमच्याकडे नायलॉनचे तुकडे साच्यातून निघाले की मोठ्या पातेल्यात पाणी घालून उकळतो. कोरडे असतात तेव्हा ते काचेसारखे असतात, पाणी प्यायले की चिवट होतात. इथे सगळेच कारखानदार हे करतात. चहात साखर घातली असं कोणी पत्रात लिहितं का? म्हणून मी "नेहमीचं सगळं केलं" असं लिहिलं आणि मोकळी झाले. तुमच्या कारखान्यात उकळतात ना? उकळतात म्हण.

आणि उकळले तरी काय उपयोग! माझ्या पातेल्याने पाजलेलं पाणी तुझ्या हीटरने पिऊन टाकलं. इथल्या दमट हवेत ते टिकलं, म्हणून मी ऐटीत पास केलं. मला हवा मोजायचं सुचलंच नाही.

फोन लावला की एक तर बाबा उचलतात, नाहीतर कोणीच नाही. दर तासाला मेल उघडून बघतेय. बाबा पडले असतील तर तसं लिही. काय असेल ते लिही.

वहिनी


१४ जानेवारी

प्रिय वहिनी,

बाबा पडलेले नाहीत. हे आधी वाच आणि पाणी पी.

तुझं अकरा तारखेचं पत्र त्याच दिवशी ऑफिसात वाचलं आणि तशीच घरी पळाले. दार उघडलं तर बाबा बोळात, वॉकर धरून चहा करायला निघालेले. डावा खटका टण् वाजलेला मी बाहेरूनच ऐकला होता. उजवा नव्हताच. त्याची जीभ मुळापासून तुटलेली, आणि दांड्या पायजम्याच्या नाडीने करकचून बांधलेल्या. वर ब्लँकेटची एक घडी टाकलेली, मला दिसू नये म्हणून. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि वॉकर काढून घेतला.

"बाबा, हे कधी मोडलं?"

"कोण म्हणतं मोडलं? बांधलंय."

"कधी?"

"झाले काही दिवस. अगदी सकाळी उठताना कट् झालं. पलंगावर मागे बसलो, म्हणून वाचलो."

वहिनी, पलंग होता मागे. दुसरं काही नाही, फक्त पलंग होता. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, "मला सांगायचं नाही? निदान दादाचा फोन आला तेव्हा तरी?"

त्यांनी ब्लँकेटचा एक धागा ओढून काढला. मग म्हणाले, "तो फोन लावतो तेव्हा सूनबाई त्याच्या तोंडाकडे बघत असते. मी 'मोडलं' म्हटलं असतं तर तो गाढव लगेच 'मोडलं?' म्हणाला असता, आणि तिने तिथल्या तिथे ओठांवरून वाचलं असतं. आणि तुला सांगितलं असतं तर तू कंपनीत सांगितलं असतंस. माझ्या सुनेने केलेला तुकडा मोडला, असं माझ्या तोंडून जायला नको होतं."

मी उठून त्यांचा चहा केला.

आमच्या कारखान्याचं विचारलंस. तुकडे साच्यातून पडतात ते थेट पिशवीत. पातेलं कुठलं! तुझ्या उकळलेल्या तुकड्यांवर मी सही केली आणि इथे कोरडे तुकडे पेट्यांत भरले जात होते. तुला उत्तर का दिलं नाही ते सांगते. आधी भीती वाटली म्हणून. ती सगळी संध्याकाळ मी वॉकर समोर ठेवून, काय होईल, नोकरी जाईल, लोक काय म्हणतील, हेच करत बसले. मग बाबा नाडी सोडवायला लागले. ती गाठ त्यांच्याच्याने सुटत नव्हती. तेव्हा डोळ्यांसमोर आलं, की पेट्या गेल्या तर अशी कितीतरी घरं असतील आणि प्रत्येक वेळी मागे पलंग असेलच असं नाही.

सकाळी पेटीतले खटके घेऊन साहेबांकडे गेले. काही खिडकीबाहेर थंडीत ठेवले, मग त्यांच्याच हातात दिले. म्हटलं, दाबा. पहिला मोडला तेव्हा ते म्हणाले, सदोष असेल. पुढे मोडत गेले तसा त्यांनी कारखान्यात फोन लावला. मी माझी सही खोडली आणि ॲसिटल कधी बघितलंच नव्हतं हेही सांगून टाकलं. त्यावर जे ऐकून घ्यावं लागलं ते तुला लिहीत नाही. माल थांबलाय. दोन दिवस त्यातच गेले.

आता ॲसिटल कर, वहिनी. तुला त्याची भीती वाटते हे माहीत असून सांगतेय. साचा परत पाठवते. तोपर्यंत बाबा माझा हात धरून चालतात, तेही मी घरी असेन तेव्हाच. दिवसभर खुर्चीत असतात. पाय आखडत चाललेत. घाई कर, आणि घाई करू नकोस.

शंकाबाई


६ फेब्रुवारी

प्रिय शंकाबाई,

तुझं पत्र तुझ्या दादाला मोठ्याने वाचायला लावलं, म्हणजे मी वाचलेलं खरं आहे का ते त्याच्या तोंडावर बघायला. "पलंगावर मागे बसलो" इथे आला आणि थांबला. पुढचं माझं मीच वाचलं.

बाबांना माझ्या वतीने सांग, माझं नाव त्यांच्या खुब्याहून मोठं नाही. माझा तुकडा मोडला तर तो मोडला. मला पहिल्यांदा सांगायचं, मग जगाला. आणि हेही सांग की मी खूप रडले, आणि रागाने रडले. तसंच सांग.

ॲसिटल केलं. दारं-खिडक्या उघड्या टाकल्या, मशीनपाशी स्वतः उभी राहिले आणि माल आत रेंगाळू दिला नाही. मध्ये एकदा साच्यात तुकडा अडकला आणि तो तिखट वास आला. मशीन रिकामं केलं, बाहेर जाऊन श्वास घेतला आणि परत आत आले. हे प्लास्टिक नायलॉनपेक्षा जास्त आक्रसतं, त्यामुळे पहिले खटके पिनेवर बसेचनात. साच्यातली जिभेची जागा घासून मोठी करून घेतली, तेव्हा बसले. साचा दोनदा उघडावा लागला, म्हणून उशीर.

यावेळी "नेहमीचं" असं काहीही केलेलं नाही. जे केलं ते सांगते. उकळलेलं नाही. ओव्हनमध्ये वाळवून वाकवले. फ्रीझरमध्ये ठेवून तसेच गारेगार वाकवले. भिजवून वाकवले. बाबांचं मलम फासून रेतीच्या पोत्यांखाली ठेवले. सैलही पडले नाहीत, चिरलेही नाहीत. तरी तू तिकडे तुझ्या हवेत, तुझ्या हाताने पुन्हा सगळं कर. माझ्या शब्दावर सही करू नकोस. आणि आधी रिकाम्या वॉकरला लाव, मग तू स्वतः त्यावर लोंबकळ, मग बाबा.

सोबत दोन्ही बाजूंचे पाठवलेत, आणि जास्तीचे. मी काही दिवस तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसणार आहे. जेवण जात नाही म्हणून तुला जेवलीस का विचारत नाही.

वहिनी


१९ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाई,

हे मी स्वतः लिहितो आहे. तुझी शंकाबाई फोटो काढून पाठवेल. अक्षर वाकडं आहे ते थंडीमुळे, वयामुळे नाही.

तुझे खटके आले. हिने ते बर्फात ठेवले, हीटरवर ठेवले, माझं अर्धं मलम त्यांना चोळलं. मग स्वतः वॉकरला लोंबकळली. या वयात मला तिचा तो तमाशाही बघावा लागला. एकही मोडला नाही. मग एवढंसं तोंड करून मला म्हणाली, "बाबा, उठा."

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. त्या सकाळचं ते कट् माझ्या कानातून गेलेलं नाही. तुला राग आला हे कळलं. मी चुकलो. तुला कमीपणा येऊ नये म्हणून गप्प बसलो, आणि तुलाच सगळ्यात जास्त त्रास झाला.

उठलो. भिंतीपासून खिडकीपर्यंत गेलो, खिडकीपासून दारापर्यंत. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. मागे कोणी नव्हतं, बाजूला कोणी नव्हतं. नाडी पायजम्यात परत गेली.

आज संध्याकाळी दादाला फोन करायला सांग आणि समोर बसून त्याच्या तोंडाकडे नीट बघ. मी वॉकर फोनजवळ उघडणार आहे आणि जे ऐकू येईल तेच त्याला म्हणायला लावणार आहे: टक्, टक्. दोनदा. वाचता आलं नाही तर त्याला पुन्हा म्हणायला लाव. तू म्हणशील तितक्या वेळा मी उघडतो.

बाबा